हिशोब विचारला तर राग काऊन?

माझ्या घरी कोनाड्यात एक लाल कापडी पुठ्ठ्याची वही आहे. दुकानदार दिवाळीला पूजेत ठेवतात तसली, लांबोडी. पहिल्या पानावर 'श्री' आणि त्याखाली माझ्याच अक्षरात 'हनुमान देवस्थान, वर्गणी व खर्च, सन १९८९' असं लिहिलेलं आहे. वाळवीनं एक कोपरा खाल्ला, बाकी शाबूत आहे. ही वही मी कोणाला दाखवत नाही असं नाही. पण हातात देताना आजही माझा हात थोडा आखडतो. का आखडतो, ते सांगायला मला तीस वर्षं लागली.

आमचं गाव नागपूर जिल्ह्यातल्या कुही तालुक्यात. धान, मिरची, आता सोयाबीन. मिरचीसाठी हा भाग आणि शेजारचा भिवापूर तालुका जुन्या काळापासून माहीत आहे. चैत्रात हनुमान जयंतीला आमच्याकडे महाप्रसाद असतो. घरटी वर्गणी गोळा होते. कोणी तांदूळ देतो, कोणी तुरीची डाळ, कोणी रोख. मी दहावी झालेला, अक्षर बरं, आणि घर मंदिरासमोर. म्हणून वही माझ्याकडे आली आणि पैशाचा डबाही माझ्याकडेच आला. मी मागितला नव्हता. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ म्हणाले, "पोरगा शिकलेला आहे, ठेवू द्या त्याच्यापाशी." झालं, तेवढ्यावर मी खजिनदार.

चार वर्षं कोणी एका शब्दानं विचारलं नाही. मला ते फार गोड वाटायचं. आपल्यावर गावाचा भरोसा आहे, आपण कोणीतरी आहोत, असं.

पाचव्या वर्षी, १९९३ साली, आमच्या खालच्या टोलीवरची एक म्हातारी वर्गणी द्यायला आली. ती मिरचीच्या सातऱ्यावर देठ खुडायला जायची. पाच रुपये माझ्या हातावर ठेवले आणि उभीच राहिली. म्हणाली, "भाऊ, मागच्या सालचे माहे पाच रुपये कोठी लागले जी?"

मला राग आला. ओसरीवर चार माणसं बसली होती, त्यांच्यासमोर तिनं विचारलं, त्याचा जास्त राग आला. मी म्हटलं, "मावशी, तुमचा माझ्यावर विश्वास नाही काय?"

ती गडबडली नाही. म्हणाली, "विश्वास हाये म्हणून तं देल्ले. पन मी दिवसभर देठ खुडतो, संध्याकाळी मालक काटा करते. काट्याचा मालकाले राग येत नाही, मले बी येत नाही. तुले काऊन येते?"

ओसरीवरचे लोक हसले. मीही हसलो, पण वरवर. रात्री कंदील घेऊन वही आणि डबा काढून बसलो.

आता खरी गोष्ट. १९९२ साली माझा मुलगा तापानं फणफणला होता. नागपूरला दवाखान्यात न्यायचं होतं आणि घरात पैसा नव्हता, मिरची अजून झाडावर होती. मी देवस्थानाच्या डब्यातून तीनशे रुपये काढले. चोरी म्हणून नाही काढले. मिरची विकली की टाकून देऊ, असं मनात होतं. पुढे मिरची विकली, पैसे टाकलेही. एकदा टाकले, मग केव्हातरी पुन्हा टाकले. माझ्या मनात हिशोब पूर्ण झाला होता. वहीत मात्र काढल्याची नोंद नव्हती आणि टाकल्याचीही नव्हती. इतकंच काय, त्या वर्षीच्या पानावर शिल्लक लिहायचीच राहून गेली होती. कंदिलाच्या उजेडात जमेतून खर्च वजा केला तर ४१२ रुपये निघाले. डब्यात २४७ होते. १६५ कमी.

मी तीनदा मोजले. पैसे मोजल्यानं वाढत नाहीत.

दुसऱ्या दिवशी बायकोनं शेळी विकून ठेवलेल्या पैशातून १६५ काढले, डब्यात टाकले, आणि १९९२ च्या पानावर 'शिल्लक ४१२' असं लिहून टाकलं. आणि हनुमान जयंतीच्या दिवशी पारावर उभा राहून पाचही वर्षांचा हिशोब मोठ्यानं वाचला. तांदूळ किती, गूळ किती, आचाऱ्याला किती, बत्तीच्या रॉकेलला किती. पैशाला पैसा जुळला. लोकांनी वाहवा केली. मोठे बाबा म्हणाले, "पाहा, असा असते इमानदार माणूस." ती म्हातारी पुढेच बसली होती. तिनं मान डोलावली आणि पदरानं तोंड पुसून प्रसादाच्या पंगतीला गेली. तिचं काम झालं होतं.

माझं झालं नव्हतं. त्या वाहवेचा काटा माझ्या मनात जो रुतला तो रुतलाच.

मी चोर होतो काय? हा प्रश्न मी स्वतःला खूप वेळा विचारला. माझं मन साफ होतं, हे मी आजही देवासमोर सांगेन. पण मन साफ असणं हा वहीतला रकाना नाही. वहीत दोनच रकाने असतात, जमा आणि खर्च. आणि दुसरी गोष्ट अशी, की चोराला आपण किती घेतले हे पक्कं ठाऊक असतं. मला ठाऊक नव्हतं. म्हातारीनं विचारलं नसतं तर १६५ रुपये मी आयुष्यभर खाल्ले असते आणि स्वतःला इमानदार समजून मेलो असतो. म्हणून मला वाटतं, हिशोबाची गरज लबाड माणसापेक्षा भल्या माणसाला जास्त आहे. लबाड आपला हिशोब आधीच जुळवून ठेवतो. भला माणूस आपल्या भलेपणावर विसंबून राहतो.

आमच्याकडे मोठी अडचण आहे ती या रागाची. गावात कोणाला हिशोब विचारा, तो पहिलं वाक्य हेच बोलतो: "म्हणजे मी चोर आहे काय?" आणि विचारणारा लगेच माघार घेतो: "तसं नाही जी, सहज विचारलं." बचत गटात हेच, गणपती मंडळात हेच, ग्रामपंचायतीत हेच. शहरातले वाचक हसतील, पण त्यांच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत काय होतं ते मला माझ्या नागपूरच्या भाच्यानं सांगितलेलं आहे. तिथेही लिफ्टच्या दुरुस्तीचा खर्च विचारला की दोन घरांचं जाणं-येणं बंद.

कायद्यात मात्र असा राग कुठे नाही. ग्रामपंचायतीचा आमचा कायदा १९५८ चा. त्यात सरळ लिहिलेलं आहे, की आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च ठेवायचा, आणि शेवटच्या लेखापरीक्षणात काय शेरे आले आणि त्यांना काय उत्तरं दिली तेही ठेवायचं. कोणी मागितलं तर ठेवा असं नाही, ठेवायचंच. होतं कसं ते खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. सभेला गणपूर्ती होत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग दहा-बारा माणसांत विषय वाचून होतात आणि रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरतं. मीही अशी सही केलेली आहे, जेवता जेवता, डाव्या हातानं ताट सरकवून.

आणि पैसा पूर्वीसारखा थोडा राहिलेला नाही. घरपट्टी-पाणीपट्टीवर चालायची तेव्हा ग्रामपंचायत म्हणजे एक खोली आणि एक कपाट. २०१५ पासून चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा सरळ ग्रामपंचायतीच्या खात्यात यायला लागला. लोक त्याला 'वरून आलेला पैसा' म्हणतात, जसा पाऊस वरून येतो. पावसाचा हिशोब कोण विचारणार? पण देठ खुडणारी बाई साबण घेते, पोराला बिस्किटाचा पुडा घेते, त्यात सरकारचा कर असतो. तोच पैसा दिल्लीला जाऊन, मुंबईला जाऊन, नाव बदलून गावात परत येतो. वाटेत तिचं नाव पुसलं जातं, एवढंच. पाच रुपये हातानं दिले तेव्हा तिला विचारता आलं. न दिसणाऱ्या हातानं दिलेल्या पैशाचं तिला कोण विचारू देणार?

याच पैशातून २०१७ च्या सुमारास आमच्या खालच्या टोलीवर सिमेंटची नाली झाली. तेव्हा सरपंच माझा बालमित्र होता. एका पाटीवर बसून शिकलो, एका बैलजोडीनं वाही केली, असा मित्र. नालीच्या फलकावर लांबी ११० मीटर लिहिलेली होती. पावसाळ्यात शेवटच्या आठ घरांसमोर चिखल तसाच होता, कारण नाली तिथपर्यंत पोचलीच नव्हती. त्या आठ घरांतलं एक त्या म्हातारीचं. ती तोवर वारली होती, सून राहते. सून काही बोलली नाही. दारात विटा टाकून त्यावरून ये-जा करत होती.

मी शेत मोजायची टेप नेली आणि नाली मोजली. ७४ मीटर. दुसऱ्यांदा मोजली, ७४. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून अर्ज केला. कागद आले. अंदाजपत्रक होतं, मोजमाप पुस्तिकेची नक्कल होती, बिल होतं, लेखापरीक्षणही झालेलं होतं. सगळं बरोबर. कागदावरची नाली ११० मीटर आणि बिलही ११० मीटरचं. कागदाला कागद जुळला, माझ्या वहीसारखाच.

ग्रामसभेत मी उभा राहिलो. मित्र समोर टेबलापाशी होता. मी विचारलं, ३६ मीटर नाली कुठे आहे? तो मला पाहतच राहिला. मग बोलला ते मला अपेक्षित नव्हतं.

"मागच्या मे महिन्यात नळाची मोटर जळाली होती, याद हाये? पाणीपट्टी कोणं भरली होती? तू तरी भरली होती काय? गाव तीन दिवस बोंबलून राह्यलं होतं. मी ठेकेदाराले म्हटलं, मोटर आण, नालीत पाहून घेऊ. एक रुपया घरी नाही नेला. अन् ते पाणी तू बी पेला ना?"

प्यालो होतो. सगळे प्यालो होतो. मी ठेकेदाराकडे मोटरचं बिल पाहिलं, मोटर खरंच आली होती. त्यातही ठेकेदारानं आपलं काही पाहिलं असेल, तो भाग वेगळा. पण मित्र खोटं बोलत नव्हता.

सभेत मी खाली बसलो. घरी येऊन जेवलो नाही. कारण त्याच्या जागी मला मीच दिसलो. त्यानंही डब्यातून काढले होते, वाईट हेतूनं नाही, अडचणीत. त्यानंही नोंद केली नव्हती. मग मला विचारायचा हक्क होता काय? ज्याच्या वहीत १६५ रुपयांचं डाग झाकलेलं पान आहे त्यानं दुसऱ्याची नाली मोजायला जावं काय?

या प्रश्नावर मी बरीच वर्षं अडकलो होतो. माझं उत्तर दोन गोष्टींनी बदललं.

एक गोष्ट राजस्थानातली. तिथे मजूर किसान शक्ती संघटनेनं १९९४ साली गावोगाव जनसुनवाई सुरू केली. केलं काय, तर कामांचे हजेरीपट आणि बिलं मिळवली आणि लोकांसमोर मोठ्यानं वाचली. बस. ज्याचं नाव हजेरीत आहे तो उठून म्हणायचा, मी तर त्या कामावर गेलोच नाही. हजेरीत मेलेल्यांचीही नावं निघाली. साहेबाला कागद पाहून जे कळणार नव्हतं ते ऐकणाऱ्या बाईला एका ओळीत कळलं. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा ज्या चळवळींतून आला त्यांत ही एक. आपल्या महाराष्ट्रात २००२ लाच आपला वेगळा कायदा झाला होता. त्या जनसुनवाईत उठणारे मजूर काही सगळे संत नसतील. कोणी उसनं बुडवलं असेल, कोणी दारू पीत असेल. पण रस्ता झाला की नाही हे सांगायला संत असावं लागत नाही, त्या रस्त्यानं चालावं लागतं. म्हातारीनंही मला विचारलं तेव्हा ती माझ्यापेक्षा चांगली आहे म्हणून नव्हतं विचारलं. तिचे पाच रुपये होते म्हणून विचारलं होतं.

दुसरी गोष्ट नागपुरातली. सिव्हिल लाइन्समध्ये महालेखाकारांचं ऑफिस आहे. नागपूरकर त्याला 'एजी ऑफिस' म्हणतात. एका नातेवाईकाच्या पेन्शनच्या कामानं तिकडे जाणं झालं, तेव्हा बाहेर चहा पिताना एक निवृत्त बाबू भेटले. त्यांच्याकडून मला पहिल्यांदा कळलं, की १९४९ साली संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देशाच्या महालेखापरीक्षकाला संविधानातला बहुधा सगळ्यात महत्त्वाचा अधिकारी म्हटलं होतं. मला नवल वाटलं. पंतप्रधान नाही, न्यायाधीश नाही, हिशोब तपासणारा! घरी येईपर्यंत तेच डोक्यात होतं. ज्या समाजाच्या वाट्याची नाली नेहमीच शेवटच्या आठ घरांआधी संपत आली, त्या समाजातून आलेल्या माणसाला हिशोबाची किंमत आपल्यापेक्षा लवकर कळली, यात नवल खरं तर नव्हतं.

तिथे माझं उत्तर मला सापडलं. मोटर आणणं चूक नव्हतं. चूक ही, की गावभर पाणी प्यालं आणि त्याची किंमत आठ घरांनी चिखलातून जाऊन भरली, आणि त्यांना कोणी विचारलं नाही. मित्रानं ग्रामसभेत सांगितलं असतं, की मोटर जळाली आहे, नाली थोडी आखूड होईल, पुढच्या वर्षी पुरी करू, तर कदाचित तीच आठ घरं हो म्हणाली असती. गरीब माणूस अशा वेळी नाही म्हणत नाही. पण 'हो' म्हणायचा अधिकार त्यांचा होता, तो मित्रानं परस्पर खर्च केला. पैसे तर मोटरीतून परत दिसले. तो अधिकार कोणत्या बिलात दाखवायचा? माझ्या १६५ रुपयांचंही तेच. गावानं मला मुलाच्या औषधाला पैसे नाकारले नसते. मी त्यांना विचारलंच नाही, आणि पुढे सांगितलंही नाही.

छोट्या आकड्यात हे दिसतं, मोठ्यात दिसेनासं होतं. आमच्याच भागातला गोसीखुर्द प्रकल्प घ्या. १९८२-८३ च्या सुमारास त्याची मंजूर किंमत ३७२ कोटी रुपये होती. १९८८ साली राजीव गांधींच्या हातून पायाभरणी झाली, २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प झाला, आणि किंमत वाढत वाढत १८ हजार कोटींच्या वर गेली. कुही-भिवापूरची गावं त्यात उठली. लेखापरीक्षकांच्या अहवालांत या प्रकल्पावर लिहून आलेलं आहे, ते विधिमंडळात ठेवलं जातं, पेपरात दोन दिवस बातमी येते. पण १८ हजार कोटी म्हणजे किती, हे माझ्या डोक्यात बसत नाही. तुमच्या बसतं काय? ३६ मीटर बसतं, १६५ रुपये बसतात. म्हणून मला वाटतं, मोठा हिशोबही कोणीतरी टेपनं मोजता येईल एवढे तुकडे करून ज्याच्या त्याच्या गावात वाचायला पाहिजे. तुझ्या शेताला पाणी देणारी चारी इतकी, तिचा खर्च इतका, चल, पाहायला चल. नागपूर-मुंबईच्या कपाटातल्या अहवालाला चिखल दिसत नाही, हा त्या अहवालाचा दोष नाही. चिखल पाहणारा माणूस त्या टेबलापाशी नसतो, एवढंच.

मित्र माझ्याशी पाच वर्षं बोलला नाही. नाली मात्र पुढच्या सरपंचाच्या काळात पुरी झाली. लग्नकार्यात आम्ही एका मांडवात दोन टोकांना बसायचो. त्याची मुलगी सासरी गेली तेव्हा माझी बायको जाऊन आली, मी गेलो नाही. याचा मला आजही पश्चात्ताप आहे, प्रश्न विचारल्याचा नाही.

मग २०२३ च्या उन्हाळ्यात आमच्या पांदण रस्त्याचं काम निघालं. पावसाळ्यात त्या पांदणीतून बैलबंडी निघत नव्हती. शेतकऱ्यांनी एकरी वर्गणी केली, जेसीबीचे तास आणि मुरूम ठरवला. वही पुन्हा माझ्याकडे आली, आता वयानं. मी जुनीच लाल वही काढली, मागची पानं कोरी होती. पांदणीच्या तोंडाशी बाभळीखाली सगळे जमले होते. मित्राचंही शेत त्याच वाटेवर. तो पुढे आला, माझ्याकडे न पाहता बोलला, "वही दाखव."

माझे जुने ओसरीवरचे दिवस आठवले, पण राग आला नाही. दिली. तो खाली बसला, चष्मा चढवला, बोट ओलं करून जेसीबीचे तास पाहिले, डिझेल पाहिलं. मग सहज मागची पानं उलटायला लागला. १९८९, ९०, ९१. एका पानावर थांबला.

"सारं निळ्या शाईनं हाये. हे 'शिल्लक ४१२' काळ्या शाईनं काऊन?"

आजूबाजूला आठ-दहा जण होते. जेसीबी बंद होता, ड्रायव्हर पाणी पीत होता. मी सगळं सांगितलं. मुलाचा ताप, तीनशे रुपये, १६५, शेळीचे पैसे, पारावरची वाहवा. सांगताना आवाज थोडा बसला. कोणी काही बोललं नाही. मित्रानं वही मिटली, पुन्हा उघडली, पुन्हा ते पान पाहिलं.

"मंग त्या सभेत हे काऊन नाही बोलला?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. तो थोडा वेळ तसाच बसला. मग उठला, वही माझ्या हातात दिली आणि जेसीबीवाल्याला म्हणाला, "चालू कर बाप्पा, तास मोजून राह्यले इथं."